गुलाबी काचेचं कूळ

शिरूर कासारच्या रस्त्यावर काळा चष्मा घातलेला माणूस दिसला की बघणारा मनातल्या मनात तीन अंदाज बांधतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळे आलेत, नाहीतर वरातीला निघालाय. या माणसाला उजेडच बोचत असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. पण अशी माणसं घरोघर असतात. अर्धशिशी उठली की खिडकीतली तिरीपसुद्धा त्यांना सोसत नाही. डोक्याला फडकं आवळून, कपाळावर सुंठेचा लेप घेऊन ती आतल्या खोलीत पडून राहतात. बाहेर पडायची वेळ आलीच, तर हातगाडीवरचा सगळ्यात काळा गॉगल निवडतात. जितका काळा तितका बरा, हा सर्वांचा समज. या दुखण्यावर उपयोगी पडलेला चष्मा मात्र फिकट गुलाबी आहे, आणि त्याच्या जन्माला कारण झाली ती ट्यूबलाइट.

ऊन आणि डोकेदुखी यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगाचे अकरा प्रकार येतात. त्यातला अर्धावभेदक म्हणजे आपली अर्धशिशी. दुसरा सूर्यावर्त: सूर्य चढेल तसं दुखणं चढतं, माध्यान्ही असह्य होतं, दिवस कलला की उतरतं.

काच रंगवून डोळ्यांना आराम द्यायची कल्पना बरीच नंतरची. लंडनचा चष्मेवाला जेम्स आयस्कफ १७५२च्या सुमारास निळ्या-हिरव्या काचांची शिफारस करत होता. पांढऱ्या काचेतून झगझगाट फार येतो, असं त्याचं म्हणणं. तो अंदाजच होता. हिशेब मांडला तो विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञानं. काचभट्टीत वर्षानुवर्षं डोकावणाऱ्या कामगारांना मोतीबिंदू होत असे. त्यांच्यासाठी क्रुक्सनं काचेची शेकडो मिश्रणं करून पाहिली आणि १९१३ साली ती रॉयल सोसायटीपुढं मांडली. उष्णता आणि अतिनील किरण अडवायचे, पण दिसणं कमी करायचं नाही, अशी त्याची खटपट होती. सगळा उजेड मंद न करता त्यातला नेमका भाग गाळायचा, हा विचार इथून पुढं चालत राहिला. ज्या गावाच्या नावातच कासार आहे, तिथं भट्टीपुढं डोळे भाजणं म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.

मग आली ट्यूबलाइट. चोक आणि स्टार्टरवर चालणारी जुनी ट्यूब आपल्या पन्नास सायकलच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लपलपते. डोळ्याला ते दिसत नाही, पण मेंदूपर्यंत ते पोचतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका ऑफिसात न लपलपणारे दिवे लावून पाहिले. डोकेदुखीच्या आणि डोळे शिणल्याच्या तक्रारी निम्म्याहून खाली आल्या. हा अभ्यास १९८९ सालचा. त्याच सुमारास इंग्लंडमध्येच ट्यूबचा उजेड न सोसणाऱ्यांसाठी एक गुलाबीसर छटा वापरात होती. तिचं नाव एफएल-४१, आणि त्यातला एफएल म्हणजे फ्लुओरेसंट, ट्यूबचाच उजेड. बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी अर्धशिशी असलेल्या काही मुलांना हा चष्मा दिला, काहींना तितकाच गडद निळा. सुरुवातीला दोन्हीकडे बरं वाटलं. नव्या चष्म्याचं कौतुक कुणाला नसतं? पण पुढं टिकला तो गुलाबीच. महिन्याला सरासरी ६.२ वेळा उठणारी अर्धशिशी त्या मुलांत १.६ वर आली. हे निष्कर्ष १९९१ साली छापून आले. अभ्यास लहान होता, हे विसरता कामा नये.

गुलाबीच का, याचा उलगडा बऱ्याच उशिरा झाला, आणि तोही अंध माणसांमुळे. बॉस्टनमधल्या संशोधकांनी अर्धशिशीचा त्रास असलेली वीस अंध माणसं तपासली. सहा जणांच्या डोळ्यांतून मेंदूकडे काहीच जात नव्हतं. त्यांना उजेडानं फरक पडत नसे. उरलेल्या चौदा जणांना वस्तू दिसत नव्हत्या, पण उजेड लागला की त्यांचं डोकं जास्त ठणकायचं. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. दृष्टिपटलात बघण्याच्या कामी फारशा न येणाऱ्या, फक्त उजेडाची दखल घेणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांच्या तारा मेंदूतल्या दुखण्याच्या वाटेला जाऊन मिळतात. या पेशी सर्वांत जास्त चेततात त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडानं. एफएल-४१ नेमका तोच पट्टा अडवते. पुढं त्याच गटाला हिरवा उजेड सगळ्यात कमी जाचक आढळला. ऑपरेशननंतर डोळ्यावर लोंबणारी ती जुनी हिरवी पट्टी इथं आठवते, पण तो योगायोगच समजावा.

रंगीत काचांच्या या घराण्याची एक शाखा भलतीकडे गेली. कॅलिफोर्नियातल्या हेलन अर्लेन यांनी १९८३ साली मांडलं की ज्यांना वाचताना अक्षरं हलताना दिसतात, त्यांना रंगीत काचेचा फायदा होतो. ‘तारे जमीन पर’ सिनेमातला ईशान आठवून आईबापांना हे पटकन पटतं. पण २००९ साली अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून सांगितलं की डिस्लेक्सियावर, म्हणजे वाचन न जमण्याच्या अडचणीवर, रंगीत चष्म्याचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. मला त्यांचंच बरोबर वाटतं. उजेड बोचणं वेगळं आणि अक्षरओळख न जमणं वेगळं; एकाच चष्म्यात दोन्ही बसवायला गेलं की पोराची शिकवणी मागं पडते आणि पैसे जातात.

काळ्या गॉगलचंही एक सांगायचं राहिलं. उन्हात तो ठीक आहे. घरात सतत लावला तर डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही जास्त बोचू लागतो. आतल्या खोलीत दोन दिवस पडून ओसरीवर आलेल्या बाईला विचारा.

गुलाबी काच बनवणं तसं अवघड नाही. चष्म्याची प्लास्टिकची भिंगं रंगाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात. जितका वेळ ठेवाल तितका रंग गडद. दुकानदार याला टिंट म्हणतात. अडचण आहे ती रंग जुळवण्याची. कासार लुगड्याचा काठ बघून त्याच छटेच्या बांगड्या भरतो, त्याची नजर चुकत नाही. इथं मात्र डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या दोन गुलाबी काचांतली एक ४८० नॅनोमीटरचा उजेड अडवते, दुसरी तो तसाच आत सोडते. कोणती कुठली हे यंत्रावर काढलेल्या आलेखातच कळतं. हातगाडीवर गुलाबी गॉगलही मिळतात. पोरी फोटोसाठी घेतात.