गिनी कोंबडी, घोडी आणि माशा : एक जुनी हकिकत

परवा बाजारात दोघांनी एकच विचारलं, "तबेल्यात गिनी कोंबड्या सोडल्या की माशा जातात म्हणे, खरं का?" मीही तेच ऐकून फसलो होतो. सहा वर्षांपूर्वी एका विक्रेत्यानं हेच सांगून आठ पक्षी गळ्यात मारले. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमची घोडी सर्रानं गेली होती, त्यामुळं कोणी काहीही विकलं असतं तरी मी घेतलं असतं. मग मिळेल तिथून या पक्ष्याची माहिती वाचत गेलो.

हा पक्षी मूळचा आफ्रिकेतला. रानात कळपानं हिंडायचं, माती उकरायची, बी, वाळवी, टोळ, अळ्या वेचायच्या, हा त्याचा धर्म. जे खातो ते सगळं जमिनीवरचं, हे ध्यानात ठेवा. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक तो पाळत. व्हॅरो नावाच्या रोमन जमीनदारानं म्हातारपणी शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात या 'आफ्रिकी कोंबड्या' आहेत. मोठ्या, ठिपक्यांच्या, पाठीत कुबड असलेल्या, आणि दुर्मिळ म्हणून महाग. म्हणजे श्रीमंताच्या ताटातली वस्तू. माशांचा तिथं उल्लेखही नाही.

पुढं युरोपातून हा पक्षी जवळजवळ नाहीसाच झाला. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांची जहाजं पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्याला लागली आणि तिथून तो परत गेला, म्हणून नाव गिनी. त्याच सुमाराला अमेरिकेतून टर्की आला आणि लोकांनी दोघांची गल्लत केली. ती आजही शास्त्रीय नावांत आहे बघा. गिनी कोंबडी 'न्युमिडा मेलिआग्रिस', आणि टर्की, ज्याचा आफ्रिकेशी काही संबंध नाही, तो 'मेलिआग्रिस गॅलोपावो'. टर्की आपल्याकडं 1612 साली गोव्यामार्गे जहांगीर बादशहाकडं गेला आणि उस्ताद मन्सूरनं त्याचं चित्र काढलं. असो, तो वेगळा विषय.

गुलामांच्या व्यापाराच्या काळात गिनी कोंबडी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत पोचली. काही बेटांवर ती रानटी होऊन राहिली. शेतकऱ्यांनी ती ठेवली अंड्या-मांसासाठी आणि राखणीसाठी. अनोळखी माणूस, साप, मुंगूस काहीही दिसू द्या, असा कालवा करते की कुत्रं मागं पडावं.

कीड खाण्याच्या गुणाची रीतसर परीक्षा फार उशिरा झाली. अमेरिकेत लाँग आयलंडला गोचिडांमुळं लाइम नावाचा आजार पसरला होता. तिथं गिनी कोंबड्या ठेवून पाहिल्या आणि 1992 साली निष्कर्ष छापले. हिरवळीवरच्या मोठ्या गोचिडी कमी झाल्या. पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की बारीक, पिल्लावस्थेतल्या गोचिडींत फरक पडत नाही, आणि माणसाला आजार जास्त देते ती हीच बारीक गोचीड. अर्धी गोष्ट खरी होती आणि गावोगाव पूर्ण म्हणून गेली.

आता माशांकडं येतो, कारण माझी घोडी माशीमुळं गेली. 1880 साली डेरा इस्माइल खानला ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या ब्रिटिश लष्करी पशुवैद्यानं सर्रा झालेल्या घोड्यांचं आणि उंटांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यात वळवळणारा जीव दिसला. हाच रोगाचं कारण आहे हे वरच्यांनी लगेच मानलं नाही. त्या जीवाला आज इव्हान्सचंच नाव आहे, 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी'. पुढं 1901 साली रॉजर्स यांनी चावणाऱ्या माशांनी रोग एका जनावरातून दुसऱ्यात जातो हे दाखवून दिलं.

सर्रा पसरवण्यात मोठा वाटा गोमाशीचा. मोठ्या डोळ्यांची, चावली की रक्ताचा थेंब काढणारी. तिची अळी पाणथळ चिखलात वाढते, तबेल्यात नाही. गिनी कोंबडी तिथं करणार काय? उडती गोमाशी तिच्या चोचीत येत नाही. दुसरी, पायाला चावणारी तबेल्याची माशी. ती मुतानं भिजलेल्या गवतात आणि लिदीत वाढते. तिसरी घरमाशी, तीही ओल्या लिदीत आणि उकिरड्यात. या दोघींच्या अळ्या मात्र पक्षी उकरून खातात, हे मी सकाळ-सकाळ उभं राहून पाहिलंय.

पण त्यातही गोम आहे. उन्हाळ्यात घरमाशीचं अंडं आठ-दहा दिवसांत उडती माशी होतं. लीद ढिगात दाबून पडली तर वरचा थर सोडून पक्षी खाली जात नाहीत. आम्ही पहिल्या वर्षी पक्षी आणून निवांत बसलो आणि माशा जशाच्या तशा. नंतर लीद रोज उचलून उन्हात पातळ पसरायला लागलो, ओलं गवत काढायला लागलो, तेव्हा फरक दिसला. त्यात पक्ष्यांचं किती आणि खोऱ्याचं किती, हे मला सांगता येणार नाही. बायकोचं मत, खोऱ्याचं जास्त.

आठातले पाच राहिले. दोन रात्री झाडावर बसायचे म्हणून रानमांजरानं नेले, एक विहिरीत पडला. पिल्लं ओल्या दवात फार मरतात, म्हणून पहिले काही आठवडे कोरड्यात, उबेत ठेवा. ज्यांना घ्यायचेत त्यांनी जातींची नावं विचारून घ्या. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संस्थेच्या कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी या जाती आहेत.

आणि पावसाळ्यात घोडं ताप येऊन-जाऊन वाळत चाललं, पायांना किंवा पोटाखाली सूज आली, तर पक्ष्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी रक्त तपासायला द्या. आम्ही त्या वेळी अकरा दिवस घालवले.