सर चार्ल्स निकोल्सन : रुग्णसेवेकडून सभापतिपदाकडे

इंग्लंडमध्ये १८०८ साली जन्मलेले चार्ल्स निकोल्सन एडिंबरा विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन १८३४ मध्ये सिडनीत आले. मामांच्या वारशामुळे उपजीविकेची चिंता मिटली आणि ते सार्वजनिक जीवनाकडे वळले. न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेत १८४३ मध्ये प्रथमच निर्वाचित सदस्य आले. ३६ पैकी २४. त्यांत निकोल्सन होते. पुढे नियुक्त व निर्वाचित अशा या संमिश्र सभागृहाचे सभापतिपद त्यांनी १८५६ पर्यंत सांभाळले. १८६० मध्ये ते क्वीन्सलंड विधान परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. सिडनी विद्यापीठाचे कुलपतिपदही त्यांनी भूषविले. १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी विद्यापीठाला दिलेला इजिप्तमधील पुरावस्तूंचा संग्रह मात्र सिडनीतच राहिला. २०२० पासून तो विद्यापीठाच्या चाउ चाक विंग संग्रहालयात आहे.