'ब्रँच कोणती घेणार?' : एका प्रश्नाचा इतिहास

वैद्यकीय शिक्षणातील राखीव जागांची आपल्याकडील चर्चा बहुधा एम.बी.बी.एस.च्या प्रवेशाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मुलगा किंवा मुलगी मेडिकलला लागली, वस्तीत पेढे वाटले गेले, समाजमंदिरात सत्कार झाला, की आपल्या लेखी लढाई जिंकली. वस्तुतः अधिक कठीण लढाई त्यानंतर पाच वर्षांनी उभी राहते आणि ती वस्तीला दिसतच नाही. इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्याला दिवसातून चारदा एकच प्रश्न विचारला जातो : ब्रँच कोणती घेणार? मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, रेडिओलॉजी, की शेवटी पदरात पडेल ते? हा प्रश्न जणू आवडीनिवडीचा आहे असे भासवले जाते. तो तसा नाही, असे मला म्हणायचे आहे. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा अध्यापक आहे. तेव्हा म्हणायचे ते इतिहासाच्या आधारे.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे वस्तीतील शिकणारी मुले सल्ल्याला माझ्याकडे येतात, विषय माझा असो वा नसो. सध्या इंटर्नशिप करणारी एक मुलगी अशीच येते. पहाटे वॉर्डात रक्ताचे नमुने घ्यायचे, ते स्वतःच प्रयोगशाळेत पोचवायचे, दुपारी ड्रेसिंग, रात्री कॅज्युअल्टी. यातून उरलेल्या वेळात नीट-पीजीचा अभ्यास. दोनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. तिच्या मैत्रिणींपैकी काहींच्या घरी नर्सिंग होम आहे. कोणती ब्रँच घेतली म्हणजे वडिलांच्या वास्तूत कोणता मजला मिळेल, हे त्यांना बारावीपासून माहीत आहे. हिच्या घरी मात्र आई विचारते, "बाई, दवाखाना कधी टाकतेस?" आईच्या दृष्टीने मुलगी डॉक्टर झालेली आहे. आणखी तीन वर्षे कशासाठी, याचे उत्तर मुलीला देता येत नाही, कारण 'नुसता एम.बी.बी.एस.' हा शब्द कॉलेजात किती तुच्छतेने उच्चारला जातो ते आईला सांगणे तिच्या जिवावर येते. स्टायपेंडचा अर्धा भाग गावी जातो. स्कॉलरशिपची रक्कम वेळेवर हाती पडत नाही. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. एवढ्या काळानंतरही ती उशिरा येणे हा आपल्या विद्यार्थ्यांच्या दैनंदिन जीवनाचा भाग आहे.

ही निवासी पद्धत आली कुठून? अमेरिकेत बाल्टिमोर येथे 1889 साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. तेथील शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड याने तिला घाट दिला. शिकाऊ डॉक्टरने रुग्णालयातच राहावे, रात्रंदिवस हजर असावे, संसार शक्यतो करू नये. अनेकांनी आत यावे आणि फार थोड्यांनी शिखरावर पोचावे. आपल्याकडचा 'हाऊसमन' हा जुना शब्दही याच कुळातला. हॅल्स्टेड स्वतः कोकेन आणि नंतर मॉर्फिन यांच्या व्यसनात होता, हे पुढे उघड झाले. पण त्याच्या नावावरची न झोपण्याची शिस्त मात्र जगभर आदर्श ठरली. या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : आत राहणाऱ्याचे घर त्याच्या कमाईवर अवलंबून नाही. ज्याच्या मागे धाकट्या बहिणीचे लग्न आणि सावकाराचे व्याज आहे त्याचा विचार ही पद्धत घडवताना कोणी केला नव्हता.

त्याच अमेरिकेत 1910 साली अब्राहम फ्लेक्सनरचा अहवाल आला. वैद्यकीय शिक्षण सुधारणारा म्हणून तो सर्वत्र गौरवला जातो. कृष्णवर्णीयांसाठी तेव्हा सात वैद्यकीय महाविद्यालये होती. फ्लेक्सनरच्या मते त्यांतली हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच जगवण्याजोगी होती, आणि पुढे खरोखर दोनच उरली. याहून महत्त्वाची आहे त्याची दुसरी शिफारस. कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या शिक्षणात शस्त्रक्रियेपेक्षा आरोग्यरक्षण आणि स्वच्छता यांवर भर असावा, असे त्याने सुचवले. डॉक्टर व्हा, हरकत नाही; पण सुरी आमच्या हाती राहील! कोणत्या माणसाने कोणती शाखा घ्यावी हे येथे गुणांवरून ठरलेले नाही. हॉवर्डमध्ये चार्ल्स ड्र्यू 1941 पासून शल्यचिकित्सा विभागाचा प्रमुख झाला आणि त्याने कृष्णवर्णीय सर्जनांची एक पिढी निवासी म्हणून घडवली, तो या शिफारशीला दिलेला खरा जबाब होता. तो शब्दांनी दिलेला नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. अहमदाबादचे बी. जे. मेडिकल कॉलेज (त्याच नावाचे पुण्यातले नव्हे) येथे जानेवारी 1981 मध्ये राखीव जागांविरुद्ध आंदोलन पेटले. या घटनेची आठवण आपले कार्यकर्ते काढतात, पण तिच्यातील एक गोष्ट सहसा निसटते. हे आंदोलन एम.बी.बी.एस.च्या जागांवरून सुरू झाले नव्हते. त्या जागा कित्येक वर्षे राखीव होत्या आणि सवर्ण विद्यार्थी, कुरकुरत का होईना, त्या सहन करीत होते. ठिणगी पडली ती पदव्युत्तर जागांवरून. गुजरात सरकारने 1975 पासून या अभ्यासक्रमांत अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा दिल्या होत्या आणि न भरलेल्या जागा पुढील वर्षी नेण्याची, म्हणजे कॅरी फॉरवर्डची, सोय ठेवली होती. प्रश्न मूठभर जागांचा होता. प्रथम मागणी होती ती कॅरी फॉरवर्ड बंद करण्याची. माधवसिंह सोळंकींच्या सरकारने तिथे माघार घेतली, तेव्हा मागणी झाली पदव्युत्तर आरक्षणच रद्द करण्याची. पाहता पाहता कॉलेजच्या आवारातील हा वाद गिरणगावातील दलितांच्या चाळींपर्यंत आणि तेथून खेड्यांपर्यंत गेला. ज्या मजुराने एम.डी. म्हणजे काय हे कधी ऐकले नव्हते त्याची झोपडी एम.डी.च्या जागेसाठी जळाली. नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्याने 1978 साली जे भोगले त्याची आठवण येथे कोणाला होणार नाही?

पण पदव्युत्तर जागाच का? याचे उत्तर साधे आहे. एम.बी.बी.एस. झालेला दलित डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाईल, फार तर मोहल्ल्यात दवाखाना टाकील. एम.डी. झालेला दलित मात्र कॉलेजात परत येतो. तो व्याख्याता होतो, परीक्षक होतो, एखाद्या दिवशी विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसतो आणि मग सवर्णाच्या मुलाची व्हायव्हा तो घेतो. भीती या व्हायव्हाची होती.

रस्त्यावरचे आंदोलन थंडावले, तरी तोच झगडा नियमांच्या भाषेत चालू राहिला. डॉ. प्रदीप जैन खटल्याच्या 1984 च्या निकालातून अखिल भारतीय कोटा जन्मला. पदव्युत्तर जागांपैकी आधी 25 आणि पुढे 50 टक्के जागा त्यात गेल्या. या कोट्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षणच नव्हते. ते सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2007 च्या आदेशाने आले. इतर मागासवर्गीयांना तर 2021 पर्यंत थांबावे लागले. मध्यंतरीच्या वर्षांत किती मुलांनी हवी ती शाखा सोडून मिळेल ती घेतली असेल, हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नाही.

गुणवत्तेचा हिशेब तर मुळातूनच पाहावा असा आहे. उत्तर प्रदेशाने पदव्युत्तर प्रवेशासाठी खुल्या वर्गाला 45 टक्के आणि राखीव वर्गाला 20 टक्के गुणांची किमान अट ठेवली होती. डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात 1999 साली घटनापीठाच्या बहुमताने हे अंतर अमान्य केले. उच्च शिक्षणाचा दर्जा घसरेल, ही चिंता त्यामागे होती. आणि सप्टेंबर 2023 मध्ये, रिकाम्या राहिलेल्या जागा भराव्यात म्हणून, नीट-पीजीचा पात्रता-पर्सेंटाइल सर्व वर्गांसाठी शून्यावर आणला गेला. म्हणजे परीक्षेला जो बसला तो पात्र! यावर लेख आले, नापसंतीची पत्रकेही निघाली असतील. पण एकाही वस्तीवर दगड पडला नाही. जागा रिकाम्या असल्या की गुणवत्ता वाकते, आणि आपला माणूस समोर आला की ती ताठ होते.

प्रवेश मिळाला तरी निवासी म्हणून आत राहणे बाकी असते. दिल्लीच्या 'एम्स'मधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या, प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2007 साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहात वेगळे पडत जातात, शिक्षकांकडून त्यांना दुजाभावाची वागणूक मिळते, असे त्यात नोंदले आहे. गावकुसाची रचना राजधानीतल्या वसतिगृहात पुन्हा उभी राहिली होती. जळगावची डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राची निवासी डॉक्टर होती. तडवी भिल्ल समाजातील या मुलीने 22 मे 2019 रोजी आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झाले. माझ्याकडे येणाऱ्या मुलीलाही स्त्रीरोग हीच ब्रँच हवी आहे. तिच्याशी बोलताना हे नाव आम्ही दोघेही घेत नाही. तिने एवढेच सांगितले की, कॉलेजात आडनाव विचारत नाहीत, "रँक किती?" एवढेच विचारतात.

स्त्रीरोगावरून आठवले. आपल्याकडच्या अनेक गावांत सुईणपण मांगिणीकडे असे. विटाळ मानला जाणारा तो व्यवहार सवर्णांच्या घरातही तीच उरकत असे, आणि मोबदल्यात लुगडे-चोळी नि पसाभर धान्य मिळे. तेव्हा हे काम करायला कोणती परीक्षा होती? शवागारातही आज तोच प्रकार. न्यायवैद्यकाचा डॉक्टर अहवालावर सही करतो. प्रेताला प्रत्यक्ष हात घालणारा चतुर्थश्रेणी कर्मचारी बहुधा आपल्यातला असतो. काम घाण होते तोवर ते आपले होते. त्याला पदवी, प्रतिष्ठा आणि फी आली तेव्हा ते 'स्पेशालिटी' झाले. म्हणून आपल्या मुलांनी प्रतिबंधक वैद्यक किंवा शरीररचनाशास्त्र घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. स्वतःहून घेणारे आहेत आणि ते उत्तम काम करतात. प्रश्न आहे तो, या शाखा कोण निवडतो आणि कोणाच्या वाट्याला त्या येतात, याचा.

याचे उत्तर अंदाजाने देऊन चालणार नाही. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, विभागवार, गेल्या दहा वर्षांत कोणत्या प्रवर्गातील किती निवासी दाखल झाले, किती मध्येच सोडून गेले, आणि अध्यापकांची किती राखीव पदे रिक्त आहेत, ही माहिती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात. आमच्या कॉलेजातील इतिहासाच्या दोन विद्यार्थ्यांनी पहिले अर्ज लिहून पाठवले आहेत. इतर जिल्ह्यांतील अध्यापक-कार्यकर्त्यांनी आपापल्या जवळच्या महाविद्यालयाकडे असेच अर्ज करावेत आणि आलेली उत्तरे, टाळाटाळीची असली तरी, जपून ठेवावीत.