दिनविशेष : २२ मे – पॅक-मॅनचा पहिला घास

२२ मे १९८०. टोकियोच्या शिबुया भागात नामको कंपनीने आपला नवा आर्केड गेम लोकांसमोर चाचणीसाठी मांडला. तोरू इवातानी आणि त्यांच्या छोट्या चमूने तो घडवला होता. जपानमध्ये त्याचे नाव होते 'पक-मॅन'. अमेरिकेत जाताना ते 'पॅक-मॅन' झाले.

पडद्यावर परग्रहवासीयांवर गोळ्या झाडण्याच्या त्या काळात इवातानींनी विषय निवडला तो खाण्याचा. आर्केडकडे न फिरकणाऱ्या मुलींना आणि जोडप्यांनाही तिथे यावेसे वाटावे, हा त्यामागचा हेतू. चक्रव्यूहातले ठिपके मटकवायचे आणि चार भुतांना चुकवायचे, एवढाच खेळ.

खरी करामत त्या भुतांत आहे. लाल भूत थेट पाठीशी लागते. गुलाबी पुढची वाट अडवू पाहते. निळे लालच्या जागेवरून आपला डाव ठरवते. नारिंगी दुरून धावून येते आणि जवळ पोचताच काढता पाय घेते. मोजक्या नियमांतून प्रत्येकाला स्वतंत्र स्वभाव मिळाला. संगणकातल्या पात्रांना वागणूक कशी द्यावी, हे समजावताना आजही या चौघांचा दाखला दिला जातो.

२०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने पॅक-मॅनला आपल्या संग्रहात स्थान दिले. करमणुकीच्या यंत्रातला खेळ हीही रचनाकला आहे, यावर ती मोहोर होती. नामको २००५ मध्ये बंदाई कंपनीशी एकत्र झाली. पॅक-मॅन नावाच्या पिवळ्या गोळ्याची भूक मात्र अजून शमलेली नाही.