हायस्कुलातलं इंग्रजी : दार कुणासाठी, उंबरठा कुणासाठी?

मागच्या व्याख्यानात आपण पंतोजींच्या शाळेबद्दल बोललो : धूळपाटी, मोडी अक्षर, पावकी-निमकी, वगैरे. आज त्याच्या पुढची पायरी. विषय आहे हायस्कूल आणि हायस्कुलात शिकवलं जाणारं इंग्रजी. विषय ओळखीचा वाटतो, कारण आपल्यापैकी प्रत्येकजण त्यातून गेला आहे. पण हे इंग्रजी आपल्या शाळेत आलं कसं, कशातून शिकवलं गेलं आणि त्यामुळे कोण आत गेलं, कोण बाहेर राहिलं, हे आपण सलग पाहत नाही. आज तेवढंच करू.

सुरुवात बहुतेक लोक मेकॉलेपासून करतात. फेब्रुवारी १८३५ मधलं त्याचं ते प्रसिद्ध टिपण, आणि मग सगळं खापर त्याच्या डोक्यावर. पण आपल्या मुंबई इलाख्याची गोष्ट त्याच्या आधी सुरू होते आणि थोडी वेगळी आहे. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा मुंबईतल्या लोकांनी त्यांच्या नावाने इंग्रजीच्या अध्यापनासाठी वर्गणी गोळा केली. हे लक्षात घ्या : इंग्रजी हवं म्हणून पैसे इथल्याच लोकांनी दिले. त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. तिथे १८३४ मध्ये बाळशास्त्री जांभेकर शिकवू लागले. त्याआधी १८३२ मध्ये त्यांनी 'दर्पण' सुरू केलं होतं, आणि ते मराठी-इंग्रजी असं दोन भाषांत निघत होतं. म्हणजे इंग्रजी घेतलं की मराठी सोडायची, असं त्या पिढीला मुळीच वाटत नव्हतं.

खरा वाद पेटला १८४० नंतर. सरकारने शिक्षणासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं. त्याचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचं म्हणणं असं की वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू घेतली. ज्यांना आपण नाना शंकरशेट म्हणून ओळखतो, ते काही इंग्रजीचे शत्रू नव्हते. इंग्रजी शिक्षणाच्या संस्था उभ्या करण्यात त्यांचा मोठा हात होता. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता. ज्ञान फार लोकांपर्यंत जायचं असेल तर ते लोकांच्या भाषेतूनच जाईल, एवढंच ते सांगत होते.

निकाल लागला तो तडजोडीचा. १८५४ च्या वुडच्या खलित्याने ती पक्की केली. खाली देशी भाषा, वर इंग्रजी. ऐकायला हे समतोल वाटतं. पण याचा अर्थ असा की शिक्षणाच्या जिन्यात मध्येच एका पायरीवर भाषा बदलते, आणि ती पायरी म्हणजे हायस्कूल.

आता हा जिना प्रत्यक्षात कसा होता ते पाहू. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मी इंग्रजी पाचवीत होतो' असं वाक्य यायचं. आजच्या मुलांना त्याचा अर्थ लागत नाही. तेव्हा आधी मराठी चार इयत्ता, मग इंग्रजी पहिलीपासून सातवीपर्यंत. इंग्रजी पाचवी म्हणजे आजची नववी. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. ज्यांना हा रस्ता परवडत नव्हता, किंवा गावात तशी शाळाच नव्हती, ते मराठी सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनलला बसायचे, ज्याला लोक नुसतं 'फायनल' म्हणत. फायनल झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकत होता. कॉलेजात मात्र जाऊ शकत नव्हता. म्हणजे एकाच गावातून दोन जिने निघत होते आणि त्यांतला एक मधेच संपत होता.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं, आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. १८६२ मध्ये पहिले बी. ए. झाले तेही हेच, आणि त्यांच्याबरोबर बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. फक्त चार माणसं! मॅट्रिकला इंग्रजी हा अनेक विषयांतला एक विषय नव्हता. इतिहास, भूगोल, गणित यांची उत्तरंही इंग्रजीतच लिहायची. एखाद्या मुलाला गणित उत्तम येतं, पण प्रश्न कळला नाही किंवा उत्तर मांडता आलं नाही, तर तो गणितातही गेला. मॅट्रिक पास, मॅट्रिक नापास आणि नॉन-मॅट्रिक अशी माणसांची जणू नवी प्रतवारीच आपल्या समाजात तयार झाली. लग्नाच्या बोलणीतही ती चालायची.

मग हे इंग्रजी शिकवायचे कसे? सुरुवातीची वाचनाची पुस्तकं हॉवर्डची. हे हॉवर्ड मुंबई इलाख्याचे शिक्षणखात्याचे प्रमुख होते. पण मराठी मुलाचा खरा सोबती ठरली ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला'. नाव पाहा. इंग्रजी पाठमाला नव्हे, भाषांतर पाठमाला. नियम मराठीत सांगायचा, शब्दांचे अर्थ मराठीत द्यायचे, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचं मराठी करायला लावायचं. पुढे थेट इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवण्याची पद्धत आली आणि भाषांतराची पद्धत जुनाट ठरली. ती टीका पुष्कळ अंशी खरी आहे. या पद्धतीने वाचता येतं, लिहिता येतं, बोलायला मात्र जीभ अडखळते. पण तिची एक ताकद आपण विसरतो. तिला इंग्रजी बोलणारं घर लागत नव्हतं, साहेब मास्तर लागत नव्हता. मराठी वाचता येणारा कुणीही वडीलधारा ती पुस्तकं घेऊन मुलाला शिकवू शकत होता.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणाबद्दल सांगताना लिहिलं आहे की वडिलांनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची पाठमाला करून घेतली. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करातल्या शाळेत शिक्षक होते. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्यांना हायस्कुलात संस्कृत घ्यायचं होतं, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली. आता हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. ज्या भाषेला आपण 'आपली' म्हणतो तिचं दार बंद होतं, आणि ज्या भाषेला परकी म्हणतो तिचं दार, वडिलांच्या कष्टाने का होईना, उघडलं. इंग्रजीबद्दल बोलताना 'आपण' म्हणजे कोण, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.

जोतीराव फुले यांचंही तसंच. त्यांचं इंग्रजी शिक्षण पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालं. इंग्रजीचा फायदा त्यांनी स्वतः घेतला होता. तरी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांचा भर कशावर होता? प्राथमिक शिक्षणावर. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार. म्हणजे जिन्याची खालची पायरीच नाही, तर वरच्या पायरीवर कुठली भाषा आहे याला काय अर्थ?

त्याच काळात पुण्यात दुसरी एक गोष्ट घडत होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये टिळक, नामजोशी यांच्यासह शाळा काढली. राष्ट्रीय बाण्याच्या या मंडळींनी शाळेला नाव काय दिलं? न्यू इंग्लिश स्कूल. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याचा जो वाक्प्रचार आपण वापरतो, तो चिपळूणकरांच्याच नावावर सांगितला जातो. आगरकर पुढच्या वर्षी येऊन मिळाले. त्याच १८८१ मध्ये या मंडळींची दोन पत्रं निघाली, मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. लोकांशी मराठीत बोलायचं आणि सरकारशी इंग्रजीत भांडायचं, अशी सरळ वाटणी होती.

मात्र मुलींचा प्रश्न आला तेव्हा याच मंडळींत फूट दिसते. १८८४ मध्ये रानडे वगैरे सुधारकांच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. त्यालाच आपण हुजूरपागा म्हणतो. मुलींना मुलांसारखंच इंग्रजी आणि मुलांसारखाच अभ्यासक्रम कशाला, अशी टीका टिळकांनी केली. मुलांना जे वाघिणीचं दूध, ते मुलींना मात्र बाधेल, असं त्या टीकेचं तात्पर्य आपण काढलं तर ते फारसं चुकीचं होणार नाही. रमाबाई रानडे यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० मध्ये आलं. नवऱ्याच्या आग्रहावरून इंग्रजी शिकणाऱ्या सुनेला घरातल्या बायकांचा किती रोष पत्करावा लागला, ते त्यात वाचायला मिळतं. शाळेचं दार उघडलं तरी घराचा उंबरठा होताच.

आता एक मोठी उडी मारून स्वातंत्र्यानंतरच्या काळात येऊ. १९४८ मध्ये मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने ठरवलं की पाचवी ते सातवीत इंग्रजी नको, आठवीपासून सुरू करावं. हेतू चांगला होता. मुलाचा पाया मातृभाषेत पक्का व्हावा. पण हिशेब करून पाहा. ज्याच्या घरी इंग्रजी आहे, किंवा शिकवणी लावायला पैसे आहेत, त्याचं या तीन वर्षांत काहीच अडत नाही. ज्याच्याकडे शाळेशिवाय दुसरी सोय नाही, त्याचीच तीन वर्षं कमी होतात. पुढे जानेवारी १९५४ मध्ये सरकारने परिपत्रक काढलं की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाची मुलं सोडून इतरांना प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या निमित्ताने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याच वर्षी तो आदेश रद्द ठरला.

त्यानंतर काटा हळूहळू उलटा फिरला. इंग्रजी पुन्हा पाचवीत आलं, आणि २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत ते पहिलीपासून सुरू झालं. तेव्हाही पुष्कळ टीका झाली. पण मोरे यांचं म्हणणं ग्रामीण, बहुजन मुलाच्या बाजूने होतं : शहरातल्या मुलाला जे मिळतं ते त्यालाही मिळायला पाहिजे.

या सगळ्यातून काय हाती लागतं? एक म्हणजे, पावणेदोनशे वर्षं आपण मुख्यतः 'कितवीपासून' यावर भांडलो. पहिली, पाचवी की आठवी. 'कोण शिकवणार आणि कशातून' हा प्रश्न मागेच राहिला. तर्खडकरांनी निदान त्याचं एक उत्तर दिलं होतं : मुलाला जी भाषा येते, तिचाच हात धरून. दुसरं म्हणजे, बाळशास्त्रींपासून बाबासाहेबांपर्यंत ज्यांनी इंग्रजी चांगलं आत्मसात केलं, त्यांनी मराठीतही भरभरून लिहिलं. एकीला पुढे न्यायला दुसरीला मागे ढकलावंच लागतं, हा समज या इतिहासात टिकत नाही. आणि तिसरं, भाषा कुठलीही असो, तिच्या परीक्षेने कोण गळतंय हे मोजल्याशिवाय धोरण चांगलं की वाईट हे ठरवता येत नाही. दरवर्षी दहावीच्या निकालात इंग्रजीपाशी थांबलेली मुलं आपल्याला दिसतात. 'त्यांचं इंग्रजी कच्चं' असं म्हणून आपण मोकळे होतो. ती कुठल्या जिन्याने आली, हेही विचारलं पाहिजे.

पुढच्या व्याख्यानात आपण याच जिन्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊ, म्हणजे फायनल झालेल्या मास्तरांकडे, ज्यांनी इंग्रजीशिवाय खेडोपाडी शाळा चालवल्या. आज इथेच थांबू.