तळाच्या रंगातलं विष

शर्यतीची जुनी शिडाची होडी विकत घेतली, की पहिलं मोठं काम म्हणजे तळाचा रंग खरवडणं. वर्षानुवर्षं थरावर थर चढून तळ खडबडीत होतो, वजन वाढतं, वेग घटतो. पण मंडळी, हा रंग साधा नसतो. शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटू नयेत म्हणून त्यात विष घातलेलं असतं.

या विषाची कथा जुनी आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमारानं 'अलार्म' या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे किडे दूर राहिले. पण तांब्याच्या संगतीनं लोखंडी खिळे मात्र झिजून गेले. पुढे तांबं रंगात मिसळलं गेलं. १९६० च्या दशकात त्याहून जहाल, कथिलाचं संयुग असलेलं टीबीटी आलं. होड्यांचे तळ स्वच्छ राहू लागले, पण फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालवांची पिल्लं जगेनात. मोठ्या कालवांच्या शिंपा जाड, वेड्यावाकड्या होऊ लागल्या. कालवांवर पोट असणारे हवालदिल झाले. फ्रान्सनं १९८२ मध्ये लहान होड्यांवर टीबीटीला बंदी घातली. जागतिक करार २००१ मध्ये झाला. तो लागू व्हायला २००८ उजाडलं.

बंदी आली, तरी जुन्या होडीच्या तळाशी ते थर अजून असू शकतात. म्हणून घासताना तळ ओला ठेवावा, तोंडावर मास्क बांधावा, खाली ताडपत्री अंथरावी आणि पडलेला चुरा घातक कचरा म्हणूनच द्यावा. तो पुन्हा पाण्यात गेला, तर कालवांना त्या बंदीचा काय उपयोग?