पावसाळ्यातील देवळे

जुने देऊळ पाहावयाचे तर हिवाळ्यात पाहावे, असा आपल्याकडे सर्वसाधारण रिवाज आहे. वाटा कोरड्या असतात, शेतीची घाई सरलेली असते, उजेडही स्वच्छ असतो. हे सारे खरे. पण मी तुम्हांला सुचवणार आहे की एकदा तरी श्रावणाच्या आसपास, चांगला पाऊस लागलेला असताना, एखाद्या प्राचीन देवळाच्या सभामंडपात अर्धा तास बसून पाहा. ज्या कारागिराने ते देऊळ बांधले त्याच्यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न पावसाचा होता. त्याने तो कसा सोडवला, हे उन्हात समजत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. काळ्या दगडाचे, चुना न वापरता रचलेले देऊळ दिसले की आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आता अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष आहे, आणि उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील माम्वाणी राजाचे नाव आहे. म्हणजे हे देऊळ हेमाडपंताच्या दोनशे वर्षे आधीचे झाले! तेव्हा हेमाडपंती हे नाव बोलण्यापुरते ठेवावे. शाळेत शिकवताना मात्र शिलालेखाचे वर्ष आधी सांगावे.

अंबरनाथचे देऊळ वालधुनी नदीच्या काठी आहे. त्याची घडण भूमिज पद्धतीची. म्हणजे शिखरावर लहान लहान शिखरांच्या रांगा एकावर एक चढत गेलेल्या. आज गाभाऱ्यावरचे शिखर अपुरे आहे आणि वर आभाळ दिसते. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते. कोकणातला पाऊस आणि जमिनीच्या पातळीखालचा गाभारा! तरीही या बांधणीने साडेनऊशेहून अधिक पावसाळे पाहिले.

हे कसे साधले? बाहेरच्या भिंतीकडे पाहा. खालपासून वरपर्यंत एकही सपाट पृष्ठभाग सापडत नाही. कुठे दगड पुढे आला आहे, कुठे आत गेला आहे. जोत्याच्या थरांना आपल्या शास्त्रकारांनी खूर, कुंभ, कलश, कपोत अशी नावे दिली आहेत. यांतला कपोत म्हणजे घराच्या वळचणीसारखा पुढे झुकलेला थर. पाऊस पडू लागला की या थराचे काम दिसते. वरून ओघळत आलेले पाणी कडेपाशी येते आणि थेंबाथेंबाने बाहेर गळते. ते भिंतीच्या अंगाला धरून खाली उतरत नाही. शोभेसाठी म्हणून आपण ज्याकडे पाहतो, ते भिंतीचे छप्परही आहे. मूर्तींच्या डोक्यावरची लहान छज्जी हेच काम करतात.

गाभाऱ्यातले पाणी बाहेर जाण्याची वाट म्हणजे प्रणाल. बहुधा उत्तरेच्या भिंतीत गोमुख किंवा मगरीचे तोंड कोरलेले असते, ते हेच. अभिषेकाचे पाणी येथून बाहेर पडते. शंकराच्या देवळात पुरी प्रदक्षिणा घालीत नाहीत, या प्रणालापाशी येऊन मागे फिरतात, हे तुमच्या घरच्या आजीला पक्के ठाऊक असते. त्याचा धार्मिक अर्थ आपल्या जागी राहू द्या. एवढे मात्र खरे की जी जागा ओलांडावयाची नाही, त्या जागेकडे सगळ्या गावाचे लक्ष राहते.

आता घाटमाथ्याकडे चला. अकोले तालुक्यात, रतनगडाच्या पायथ्याशी, रतनवाडीला अमृतेश्वराचे देऊळ आहे. प्रवरा नदी याच डोंगरात उगम पावते आणि खाली भंडारदऱ्याच्या धरणात अडते. ते धरण १९२६ साली पुरे झाले. या भागात आषाढापासून पाऊस असा कोसळतो की समोरचा डोंगर दिसेनासा होतो. गाभाऱ्यात पाणी चढते आणि पिंड पाण्याखाली जाते. गावकऱ्यांना त्यात नवल वाटत नाही. पाणी येते, तसे ते ओसरते. देवळाजवळच पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी आहे, तिच्या भिंतीत देवकोष्ठे आहेत. देवासाठी बांधलेली ही पुष्करणी पाण्याचा साठाही होती, हे मुलांना तेथे उभे करून सांगता येते.

तिसरे ठिकाण सपाटीवरचे. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी खिद्रापूर गाव आहे, तेथील कोपेश्वराचे देऊळ. कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातले हे काम. यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा लेख येथे आहे. पुढच्या मंडपाला स्वर्गमंडप म्हणतात. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छपरच नाही! मोठे गोल आभाळ मोकळे सोडलेले, आणि त्याच्या बरोबर खाली एक मोठी गोल शिळा. पाऊस आला की तो सरळ त्या शिळेवर पडतो, आणि तुम्ही भोवतीच्या खांबांत कोरडे उभे राहता. असे दृश्य उन्हाळ्यात कोठून दिसणार?

पण याच नदीची दुसरी बाजूही आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील गावांना पाण्याने वेढले. नदीकाठचे देऊळ पाहावयास जाताना आधी पुराची चौकशी करावी. ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर मुलांना पळू देऊ नये. डोंगरातल्या ओढ्याचे पाणी चढत असेल तर दर्शन पुढच्या खेपेला घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. या तीन देवळांची नावे पुस्तकात तरी आहेत. पण तुमच्या गावच्या ओढ्याकाठी जे लहानसे दगडी देऊळ आहे, त्याचे काय? ते पावसानेच टिकते किंवा पडते. बहुधा सुरुवात अगदी साधी असते. पक्षी सांध्यात पिंपळाचे किंवा उंबराचे बी टाकतो. पहिल्या पावसात दोन पाने फुटतात. ती कोणी काढत नाही. दहा वर्षांनी मुळी बोटाएवढी होते, पुढे मनगटाएवढी, आणि ज्या दगडांना चुन्याची गरज लागली नव्हती ते एकमेकांपासून सुटू लागतात. दुसरी गोष्ट आपण स्वतः, चांगल्या भावनेने करतो. अंगणात फरशी घालताना जमीन उंच करतो आणि प्रणाल बुजतो. मग पाणी बाहेर जाण्याऐवजी आत मुरते. तिसरी, तैलरंग. रंगाखाली ओल कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. रंगाने देऊळ दोन वर्षे नवे दिसते, पण कोरीव काम कायमचे बुजते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक सूचना आहे. पावसाळ्यात एक दिवस मुलांना गावच्या जुन्या देवळात न्या. पाणी कोठून पडते, कोठे साचते, आत कोठे गळते, हे त्यांना कागदावर काढावयास सांगा. तारीख घाला. पुढच्या वर्षी पुन्हा काढा. दोन कागद शेजारी ठेवले की देवळाची प्रकृती कळते. कोवळे रोप दिसले तर ते वेळीच काढावे. मोठी मुळी मात्र ओढू नये. तिच्याबरोबर दगडही येतो. देऊळ संरक्षित असेल तर १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा असे दोन कायदे आहेत. तेथे आपल्या मनाने डागडुजी न करता पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे, आणि पत्राची नक्कल शाळेच्या दप्तरी ठेवावी.

या देवळांना राजांनी गावे तोडून दिली, ते राजे गेले, ती दानेही गेली. पाऊस तेवढा दरवर्षी येतो. यंदा तो आला म्हणजे छत्री घ्या, आणि आधी प्रणाल मोकळा आहे ना ते पाहा.